ऋणकोचे पत्र

खताच्या रिकाम्या पोत्यातून कापून शिवलेली एक पिशवी स्वयंपाकघरातील खुंटीला टांगलेली होती. कांदे-लसूण ठेवण्यासाठी अशी पिशवी घरोघरी असते, म्हणून आमचे तिकडे लक्ष गेले नव्हते. 2014 सालचा प्रायश्चित्तकाळ होता. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव या बाजारगावी एका कुटुंबाच्या घरी क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपून आम्ही चहा घेत बसलो होतो. घरधनी भक्तीला नव्हते. गेले चार महिने ते मिस्सालाही आले नव्हते. "शेतात आहेत," एवढेच त्यांच्या पत्नीने सांगितले. आणि मग, आम्ही काही न विचारताच, त्या माउलीने ती पिशवी खुंटीवरून काढून आमच्या पुढ्यात रिकामी केली.

तीतून कांदे पडले नाहीत. सतरा पाकिटे पडली, आणि त्यांतले एकही फोडलेले नव्हते.

आम्ही ती तारखेच्या क्रमाने लावली आणि माउलीच्या परवानगीने एकेक करून फोडली. बहुतेक बँकेच्या थकबाकीच्या नोटिसा होत्या, दोन पत्रे वकिलाची होती. बाराव्या पाकिटात मात्र निराळाच कागद निघाला. व्याजासह 2,60,000 रुपये येणे आहे. परंतु एकरकमी परतफेड योजनेखाली अमुक तारखेच्या आत 1,95,000 रुपये भरल्यास खाते बेबाक करण्यात येईल, असे त्यात लिहिले होते. ती तारीख उलटून दोन महिने झाले होते. सवलत दारापर्यंत आली होती, घरात शिरली होती, खुंटीला टांगून बसली होती. घरातल्या कुणालाही ती ठाऊक नव्हती.

माउलीला वाचता येत होते. पण धनी घरी नसताना पाकीट फोडायचे नाही, आणि धनी घरी असले की पिशवीकडे पाहायचे नाही, असा त्या घराचा नियमच होऊन बसला होता.

कर्ज कसे झाले, याची हकिकत आपल्या भागात नवी नाही. जालना जिल्हा मोसंबीचा. या गृहस्थांनीही विहीर खोल करून, ठिबक घालून मोसंबीची बाग उभी केली होती. 2012-13च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या बागाच्या बागा जळाल्या, तशी तीही जळाली. बँकेचे कर्ज थकले. कृषी सेवा केंद्राची 38,000 रुपयांची उधारी राहिली. त्यात धाकट्या मुलाच्या पोटाची शस्त्रक्रिया रात्रीच्या रात्री करावी लागली, तेव्हा गावातल्या एका खासगी सावकाराकडून 60,000 रुपये शेकडा तीन रुपये महिन्याच्या व्याजाने घेतले. त्या वेळी एका कोऱ्या मुद्रांक कागदावर सही करून दिली. चौदा महिने, महिन्याला 1,800 प्रमाणे, 25,200 रुपये व्याज भरले. पुढे तेही थांबले. व्याज थांबल्यावर गृहस्थांनी बाजारपेठेतून जाणे सोडले, मग देवळात येणे सोडले, आणि शेवटी घरात झोपणेही सोडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेतात गेलो. वाळलेल्या मोसंबीच्या खोडांची मोळी बांधत ते बसले होते. "भाऊ, सगळ्यांना पत्रे लिहू या," आम्ही म्हणालो.

ते हसले. "फादर, पत्र लिवल्यानं पैसे येत्यात व्हय?"

"पैसे येत नाहीत," आम्ही म्हणालो, "पण तुम्ही घरी येऊ शकाल."

संध्याकाळी ते घरी आले. मागील रविवारच्या उपासनापत्रिकेची कोरी बाजू आम्ही पुढे ओढली. "लिवा," ते म्हणाले, "दिवाळीला एक लाख देतो." आम्ही विचारले, "कुठून?" ते म्हणाले, "लिवा तर!" आम्ही लेखणी खाली ठेवली. या लाखाच्या आधारावर आजची रात्र निघेल, पण दिवाळीची रात्र निघणार नाही, हे त्यांनाही कळत होते. मोठा आकडा लिहिला म्हणजे अब्रू राहते, असे त्यांना वाटत होते; लहान आकडा लिहिणे हाच त्यांना अपमान वाटत होता. मग आम्ही तिघांनी मिळून हिशेब मांडला. कापूस किती, म्हशीचे दूध किती, थोरला मुलगा जालन्याच्या सळईच्या कारखान्यात कामाला होता तो घरी किती पाठवतो. त्यातून बी-बियाणे, खत, किराणा, मुलीची शाळा वजा केली. वर्षाकाठी 80,000 रुपये उरत होते. बैलजोडी विकली, तर एकदाच 55,000 येणार होते. बैलजोडीचा विषय आम्ही काढला नव्हता. तो त्यांनीच काढला, आणि काढल्यावर बराच वेळ ते बोलले नाहीत.

वाचकहो, येथे आम्हांला स्वतःविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. त्या काळात आमच्या मिशनच्या वसतिगृहाच्या छपरासाठी जालन्यातील एका व्यापाऱ्याकडून आम्ही पत्रे आणि लोखंड उधारीवर घेतले होते. 42,000 रुपये देणे होते. ज्या देणगीच्या भरवशावर माल घेतला, ती देणगी आली नव्हती. व्यापाऱ्याचा दूरध्वनी दोनदा आला, तेव्हा आम्ही स्वयंपाक्याकरवी "फादर बाहेरगावी गेले आहेत," असे कळवले होते. आम्ही शेजारच्या खोलीत बसून ते ऐकत होतो. कुंभार पिंपळगावच्या त्या स्वयंपाकघरात दुसऱ्याला 'खरा आकडा लिहा' असे सांगत असताना आमच्या ध्यानात आले की, आमच्याही घरात एक पिशवी खुंटीला टांगलेली आहे. फरक इतकाच की, आमच्या पिशवीपुढे झग्याचा पडदा होता.

त्याच रात्री मिशनवर परतल्यावर आम्ही व्यापाऱ्याला पत्र लिहिले. देणे मान्य केले, खोटे बोललो तेही मान्य केले, आणि महिना 3,500 रुपयांप्रमाणे बारा महिन्यांत रक्कम फेडू असे कळवले. पापनिवेदनापूर्वी विवेकाची झडती घ्यावी, असे सेमिनरीत आम्हांला शिकवले होते. हिशेब मांडणे हीदेखील त्याच जातीची झडती आहे, हे शिकण्यास मात्र आम्हांला तो दिवस उजाडावा लागला. चार दिवसांनी व्यापारी स्वतः आला, चहा प्याला, आणि म्हणाला, "फादर, पैशापेक्षा तुम्ही बोलत नाही याचंच मला वाईट वाटत होतं."

कागद हा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या धनकोच्याच हाती राहिला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांकडे मुख्यत्वे मागितले ते कर्जरोखे आणि वह्या. त्या हाती येताच जाळून टाकल्या. त्यांना राग होता तो कागदाचा. ज्यावर आपला अंगठा आहे, पण ज्यातले अक्षर आपले नाही, अशा कागदाचा. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात रोखे नोंदवण्याची, हप्ते बांधून देण्याची, आणि ऋणकोला पावती व वार्षिक हिशेब मिळण्याची तरतूद करावी लागली. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो कायदा येथे नव्हता; पण कागदाचे दुःख तेच होते. रोखा जाळून ते दुःख गेले नाही. ऋणकोच्या हातीही त्याचा स्वतःचा कागद असला पाहिजे, हाच त्यावरचा उपाय होता. पत्र म्हणजे तो कागद.

कुंभार पिंपळगावच्या जवळच जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे. समर्थांनी 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर स्वच्छ, सुटे आणि टिकाऊ असावे, याची एवढी काळजी एका संताने का घेतली असेल, हे आम्हांला त्या संध्याकाळी थोडे उमगले. आम्ही तीन पत्रे लिहिली. प्रत्येकात तारीख आणि खाते क्रमांक, घेतलेली रक्कम, भरलेली रक्कम, थकण्याचे कारण दोन ओळींत, दरसाल किती आणि कोणत्या महिन्यात देऊ शकतो तो आकडा, आणि शेवटी लेखी उत्तराची विनंती. रडगाणे नाही, आरोप नाही, शपथा नाहीत. प्रत्येकाच्या दोन प्रती काढल्या. एक द्यायची आणि दुसरीवर पोच घ्यायची.

तिन्ही पत्रांचे नशीब निराळे निघाले. कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराने पत्र उभ्याउभ्याच वाचले, गल्ल्यातून पेन काढले आणि 38,000 खोडून 30,000 लिहिले. तीन वर्षे, वर्षाला 10,000. "दोन वर्षांत मला पहिलाच माणूस भेटला, जो स्वतःहून आला," असे तो म्हणाला.

बँकेत आवक खिडकीवर पहिल्या दिवशी शिक्का मिळाला नाही, कारण साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी शिक्का नव्हता. तिसऱ्या दिवशी आवक क्रमांक मिळाला. चाळीस दिवस उत्तर नाही. दुसरे पत्र दिले, तोवर अधिकाऱ्यांची बदली झाली. नव्या अधिकाऱ्यांना तिसरे पत्र दिले आणि सोबत आधीच्या दोन पत्रांच्या पोच लावल्या. त्या पोचांनी काम केले. अकरा महिन्यांनी, 2015च्या फेब्रुवारीत, प्रकरण लोकअदालतीपुढे तडजोडीला आले आणि 2,05,000 वर मिटले. 55,000 लगेच, आणि पुढील तीन वर्षे दरसाल 50,000. बाराव्या पाकिटातल्या सवलतीपेक्षा ही रक्कम 10,000 रुपयांनी अधिक होती. न फोडलेल्या पाकिटाची ती किंमत, असे आम्ही समजतो.

सावकाराकडे मात्र पत्राने वादळ उठले. "आपलं तोंडी चालतं. हे लिखाण कुणी शिकवलं?" असे तो गरजला. महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा जानेवारी 2014 पासून अमलात आला होता. परवान्याशिवाय सावकारी करणे हा त्याखाली कैदेच्या शिक्षेचा गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही, आणि ऋणकोला हिशेब व पावती देणे सावकारावर बंधनकारक आहे. या सावकाराजवळ परवाना नव्हता. सहायक निबंधकांकडे तक्रार करता येईल, असे आम्ही सुचवले. गृहस्थ नको म्हणाले. "फादर, पोराचं पोट फुगलं होतं तवा रात्री अकराला दार त्यानंच उघडलं." हे आम्हांला अनपेक्षित होते. कायदा आमच्या बाजूने होता आणि कृतज्ञता त्याच्या बाजूने. दोन्ही खरे होते. शेवटी पत्राची दुसरी प्रत घेऊन गावातल्या दोन जाणत्या माणसांसह आम्ही त्याच्या ओसरीवर बसलो. मुद्दलाचे 60,000 तीन वर्षांत, दरसाल 20,000, व्याज नाही, प्रत्येक हप्त्याला पावती. उत्तर त्याने लिहून दिले नाही, ते नाहीच; पण शेवटच्या हप्त्याला तो सही केलेला कोरा मुद्रांक कागद आतून घेऊन आला आणि सर्वांच्या देखत त्याने तो फाडला.

गोष्ट येथे संपली असती तर सोपे झाले असते. 2017च्या जून महिन्यात शासनाने कर्जमाफी जाहीर केली. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेखाली पात्र थकबाकीदारांचे दीड लाखापर्यंतचे कर्ज माफ झाले. शेजारच्या शेतकऱ्याने एकही पत्र लिहिले नव्हते आणि एकही हप्ता भरला नव्हता. त्याचे खाते कोरे झाले. आमच्या गृहस्थांचे तोवर बैल गेले होते आणि दोन वार्षिक हप्ते भरून झाले होते. ते मिशनवर आले आणि बाकावर बसून त्यांनी विचारले, "फादर, आपण घाई केली का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. प्रामाणिकपणाचे फळ देव पुढे देतो, असे काहीतरी बोलता आले असते. परंतु ज्याने बैल विकले आहेत, त्याच्यासमोर ते बोलण्यास जीभ धजेना. आम्ही म्हणालो, "पैशाच्या हिशेबाने केली असेल." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तो तीन वर्षं बाहेर झोपला. मी घरात झोपलो." एवढे बोलून ते उठले. 2018 साली शेवटचा हप्ता भरला, बेबाकी दाखला मिळाला, आणि तलाठ्याकडे अर्ज करून सात-बारावरचा बोजा त्यांनी उतरवून घेतला.

आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आज जे ठाऊक असावे, ते येथे नोंदवतो. देणे थकणार असे दिसू लागले की, थकण्यापूर्वीच लिहावे. पत्र हाती दिल्यास शिक्का घ्यावा. टपालाने पाठवल्यास स्पीड पोस्टाने पाठवावे, कारण 2025 साली रजिस्टर टपाल त्यातच विलीन झाले आहे. घर तारण असेल आणि बँकेची 60 दिवसांची नोटीस आली, तर आपला आक्षेप लेखी द्यावा. त्यावर 15 दिवसांत कारणांसह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. शेतजमिनीला त्या कायद्याची जप्ती लागू होत नाही. बचत गटाच्या धर्तीवर कर्ज देणाऱ्या सूक्ष्मवित्त संस्थांनी सकाळी 9 पूर्वी आणि सायंकाळी 6 नंतर वसुलीसाठी येऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा 2022चा नियम आहे; आमच्या भगिनींनी तो अवश्य ध्यानात ठेवावा. लोकअदालतीत शुल्क लागत नाही, आणि तेथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून तेथे होकार देण्यापूर्वी आकडा घरी नीट मोजून जावे.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. 1963च्या मुदत कायद्याप्रमाणे साध्या येण्याचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सही करून देणे कबूल केले, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. म्हणून कुणी वकील 'काही लिहून देऊ नका' असा सल्ला देईल, आणि त्याच्या दृष्टीने तो बरोबरच असेल. जे देणे आपले नाही, किंवा ज्याचा आकडा फुगवलेला आहे, ते कदापि कबूल करू नये. आधी हिशेब मागावा. परंतु जे खरोखर आपले देणे आहे, ते दिवस मोजून बुडवावे काय, हा प्रश्न वकिलाचा नाही. तो ज्याने त्याने क्रूसासमोर बसून सोडवायचा आहे.

पवित्र शास्त्र कर्जाविषयी जितके व्यवहारी आहे, तितके आम्ही प्रवचनांत नसतो. बेन सिराच्या ग्रंथाचा एकोणतिसावा अध्याय वाचावा. कर्ज घेताना हात चुंबणारा आणि परतफेडीच्या वेळी सबबी सांगणारा माणूस तेथे हुबेहूब उभा आहे. शेजाऱ्याला उसने द्यावे, असेही तेथेच सांगितले आहे. आणि संत पौलाचे फिलेमोनला लिहिलेले पत्र तर एका धनकोला लिहिलेले पत्रच होय. पळून गेलेल्या ओनेसिम या दासाला परत पाठवताना पौल तुरुंगातून कळवतो की, याचे काही देणे असेल तर ते माझ्या खाती मांड, मी फेडीन. आणि हे आपण स्वहस्ते लिहीत आहोत, असे तो मुद्दाम नमूद करतो. प्रेषितालाही तोंडी निरोप पुरेसा वाटला नाही.

आम्ही त्या कुटुंबाचे जामीन राहिलो नाही. राहण्याजोगे आमच्यापाशी काही नव्हते. आमच्यापाशी लेखणी होती. 1918 साली वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी पतसंस्था उभी केली, तीच आजची बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. तेवढे कर्तृत्व आम्हां प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाही. पण महिन्यातून एका संध्याकाळी, मिस्सानंतर, धर्मग्रामातील दोन शिकलेल्या माणसांनी देवळाच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसावे आणि ज्याला पाकीट फोडण्याचे धैर्य होत नाही, त्याच्याबरोबर ते फोडावे, एवढे तर कोणत्याही धर्मग्रामाला जमण्यासारखे आहे. आम्ही ते आता करतो. पहिल्या महिन्यात कुणीही आले नाही. दुसऱ्या महिन्यात एक विधवा भगिनी आली आणि पदराखालून तीन पाकिटे काढून तिने टेबलावर ठेवली.

कुंभार पिंपळगावच्या त्या घरी आम्ही अजूनही जातो. खुंटी तीच आहे, पिशवीही तीच आहे. मागच्या भेटीत माउलीने चहाबरोबर भजी करण्यासाठी तीत हात घातला. आम्ही नकळत त्या हाताकडे पाहत राहिलो. हात बाहेर आला, तेव्हा त्यात दोन कांदे होते.